भिंतीची ऊब

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. पत्त्यावर सवयीने ‘सौ.’ लिहून तुम्ही ते खोडलंत, ते दिसलं. मनाला लावून घेऊ नका. मीसुद्धा परवा दुकानदाराला, ह्यांना विचारून सांगते, असं म्हणून निघाले. मला ते कोपऱ्यापर्यंत गेल्यावर समजलं.

तुमचा पाय कसा आहे? जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांना पडून राहायला दटावलंत, आणि आता स्वतःची पाळी आली तर दर पत्रात कुरकुर. प्लास्टर निघेपर्यंत इकडे यायचं नावही काढू नका.

इथलं काम सुरू आहे. ज्यूसच्या दुकानांतून संत्र्या-मोसंब्यांच्या साली पोत्यांतून येतात. तुमचा भाचा त्या वाफेच्या टाकीत घालून तेल काढतो आणि उरलेला चोथा पिळून अंगणात जाळ्यांवर वाळवतो. तो गुरांच्या खाद्यासाठी जातो. सूनबाई तेलाच्या बाटल्या भरते. स्वयंपाकघरातलं माझं काम माझ्याकडेच आहे. फरशी पुसायचं पाणी, साबण, आणि शेगडी पेटवायला वाळक्या सालींच्या पुड्या. पुड्या हातोहात खपतात. काडी लावली की भपकन पेटतात.

मागच्या शेडमध्ये मात्र मी जात नाही. दिवसाउजेडीही भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही. पत्रा वाजला तरी छातीत धस्स होतं. हे तिथेच पडले, हातात दंताळं होतं.

तुमच्याकडे एक काम आहे. त्या दिवशी आभाळ भरून आलं म्हणून ह्यांनी अंगणातला सगळा चोथा घाईघाईने शेडमध्ये ओढला आणि माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लावून त्याचा ढीग केला. अर्धवट ओलाच होता. उद्या पुन्हा पसरतो म्हणाले. ते राहूनच गेलं. ढीग अजून तिथे आहे, छातीइतका उंच. ह्यांच्या हातचं शेवटचं काम. दर रविवारी तुमचा भाचा फावड्याने तो खालवर करतो. फावड्याचा आवाज भिंतीतून माझ्यापर्यंत येतो आणि मला तो सहन होत नाही. आता तो म्हणतो, ढीग खाद्यवाल्याला देऊन टाकू, जागा अडते. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण ढीग गेला की ह्यांनी अर्धवट टाकलेलं असं काहीच उरणार नाही, आणि मग हे खरोखरच गेले असं होईल. हे मी त्याला कसं सांगू? तो माझं ऐकून घेतो, पण ऐकतो तुमचं. तेव्हा तुम्ही त्याला दोन ओळी लिहा. ढीग राहू दे, आणि फावडंही नको.

चिमणी रात्री माझ्याजवळ झोपते. तिच्या आईला मी सांगितलंय की तिला आजोबांची आठवण येते म्हणून. खरं तर मला एकटीला झोप लागत नाही.

बाकी ठीक. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची
वहिनी


१० फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या लेकाला आजच्याच टपालाने खरमरीत पत्र टाकलंय. आत्याचं पत्र आलं की तो लहानपणी पलंगाखाली जाऊन बसायचा, तसा आताही बसला तर हसू नकोस. स्पष्ट लिहिलंय की वर्ष होईपर्यंत त्या ढिगाला फावडं लागता कामा नये, विकायचं तर बाजूलाच. फार तर ताडपत्री टाकून नीट झाकून ठेव, म्हणजे पत्र्यातून पाणी गळलं तरी भिजायला नको. आईच्या डोळ्यांदेखत बापाचं काम उचलून देतोस, जागा एवढी का अडते, असंही विचारलंय. जरा जास्तच बोलले असेन. पण दादा माझाही होता.

मला तो ढीग डोळ्यांसमोर दिसतो. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा दादा रोज संध्याकाळी बाही वर करून ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभा राहायचा. चेहरा अगदी गंभीर. मी त्याला म्हणायचे, थर्मामीटर आणून देऊ का रे, काखेत धरायला सांग त्याला. तो म्हणायचा, तुझं थर्मामीटर फुटेल. मग दंताळं घेऊन सगळा ढीग खालवर करायचा, आणि मी दारात उभी राहून नावं ठेवायचे की ह्या माणसाला हातपाय हलवल्याशिवाय जेवण जात नाही.

तू जेवतेस का? खरं लिही. सूनबाईंनी मला वेगळं कळवलंय, तेव्हा थापा मारायची सोय नाही.

भीतीचं म्हणशील तर ती जाईल. दवाखान्यात इतकी माणसं पाहिली. माणूस गेल्यावर घरच्यांना सुरुवातीला सगळ्याच गोष्टींची भीती वाटते, दाराची, कपाटाची, घड्याळाची. हळूहळू ती कमी होते. माझं ऐक.

इथे माझा पाय खुर्चीवर आणि जीव तुमच्याकडे. पत्र लवकर टाकत जा, तेवढंच माझं औषध.

तुझी लंगडी नणंद


२१ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचे उपकार कसे फेडू? पत्र वाचून तुमच्या भाच्याने ते खिशात घातलं. संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाला की आत्याने सांगितलंय, आता त्या ढिगाला बोटही लावणार नाही. त्याने त्यावर जाड ताडपत्री टाकली, कडेने विटा ठेवल्या. आता फावड्याचा आवाज बंद झाला आहे. परवा तो तेलाचे डबे घेऊन साबणाच्या कारखान्यात गेला, येईपर्यंत शेडला कुलूप आहे. उरलेलं तेल पिंपात आतच आहे. सूनबाई पुढच्या खोलीत बसून लेबलं चिकटवते.

आता एक लिहिते, ते कुणाला सांगू नका. तुम्ही हसाल, पण दुसऱ्या कुणाला सांगायचा धीर नाही.

माझ्या खोलीची मागची भिंत उबदार लागते.

पहिल्यांदा मला भास वाटला. पांघरूण घ्यायला म्हणून हात गेला, तर भिंत कोमट. नुकतंच कुणी पाठ टेकून उठलं असावं तशी. मी घाबरून हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिलं, तर तशीच. बाकीच्या तिन्ही भिंती गार दगडासारख्या. ह्यांची बाज त्याच बाजूला असायची, ते तुम्हाला आठवत असेल. मी दोन दिवस त्या भिंतीकडे पाठ करून झोपले. मग मनात आलं, की घाबरायचं कुणाला? त्यांना? ते जिवंत असताना कधी आवाज चढवला नाही. मग मी माझी बाज सरकवून भिंतीला चिकटवली. आता भिंतीला हात लावून झोपते. पुष्कळ दिवसांनी झोप लागते आहे. रोज ऊब थोडी थोडी वाढते आहे.

वासही येतो. वर वासा भिंतीत जातो तिथे फट आहे, तिथून. मुरांबा बुडाला लागला की येतो तसा, गोड आणि करपलेला. काम सुरू असताना ह्यांच्या शर्टाला जवळजवळ असाच वास यायचा. भिंतीत मधूनच बारीक आवाज होतो, कुणी वाळकी पानं चुरतं आहे असा. तो ऐकला की मात्र मला भीती वाटते, आणि ती तुम्ही म्हणता तशी कमी होत नाही. मांजर आधी शेडच्या दाराशी उन्हात पडायचं, आता तिकडे फिरकत नाही.

मी जेवते. सूनबाईंना विचारा. सकाळी मात्र डोकं फार जड होतं, मळमळतं. चिमणीलाही तसंच होतं, काल उठवता उठवत नव्हती. पण अंगणात येऊन थोडं खेळली की तिचं जातं आणि माझंही जातं. हवा बदलली असेल. तुम्ही नर्स आहात म्हणून विचारते, तिला काही देऊ का?

मला वेड लागलं असं समजू नका. मी शिकलेली बाई आहे. भिंत उबदार आहे एवढंच मी लिहिते आहे. का आहे ते मला माहीत नाही, आणि विचारायचंही नाही.

तुमच्या पायाला आराम पडो. अशीच सांभाळून घेत राहा.

तुमची
वहिनी


२५ फेब्रुवारी, दुपार

वहिनी,

आधी तार केली आहे. हे पत्र तिच्यामागून येईल. तार पोचली नसेल आणि हे पत्र आधी हातात पडलं असेल, तर पुढचं वाचू नकोस. चिमणीला उचल, सूनबाईंना हाक मार, आणि घराबाहेर जा. उरलेलं रस्त्यावर उभी राहून वाच.

भिंतीमागे दादा नाही. ढीग आतून पेटला आहे.

ओला चोथा दाबून ठेवला की तो आपोआप तापतो. खालवर केला नाही तर आतली ऊब आतच राहते आणि वाढत जाते, आणि साली तर तेलकट. दादा रोज कोपरापर्यंत हात घालून तेच पाहत होता. मी दारात उभी राहून विनोद करत होते. तुला त्याने सांगितलं नसेल, कारण ढिगाच्या पलीकडे तुझी खोली होती आणि तू घाबरली असतीस. तुझा लेक दर रविवारी फावडं मारायचा तो बापाचं पाहून. का मारायचं ते त्यालाही धड माहीत नसावं. आणि मी त्याला थांबवलं. झाकायलाही मीच सांगितलं.

ते आता राहू दे. नीट ऐक. सकाळी दोघींचं डोकं दुखतं आणि अंगणात गेलं की थांबतं, ही ओळ मी वाचली आणि लगेच तारेचा मजकूर लिहायला घेतला. धुमसणाऱ्या ढिगातून विषारी हवा सुटते आणि ती त्या फटीतून खोलीत येते आहे. तिला वास नसतो, वास येतो तो करपल्याचा. तुला झोप लागते असं तू लिहिलं आहेस. ती झोप नव्हे, वहिनी. त्या खोलीत आता क्षणभरही झोपायचं नाही, चिमणीला तर नाहीच.

आणि ढीग कुणीही उघडायचा नाही. ताडपत्री ओढायची नाही, फावडं घालायचं नाही, बादलीने पाणी मारायला जायचं नाही. हवा लागली की भडका उडेल, आणि आत तेलाचं पिंप आहे. आगीचा बंब बोलवा आणि त्यांना हेच सांगा.

तार द्यायला शेजारच्या शिंपीणबाईंना पाठवलं. त्या परत आल्या, तार गेली म्हणाल्या. मी त्यांना तीनदा विचारलं, पत्ता बरोबर सांगितला का. त्या चिडल्या. मला कुबड्यांवर जिन्यापर्यंतच जाता येतं. म्हणून हे लिहिते आहे. हात रिकामा राहिला की नको ते दिसतं.

काहीही करून एका शब्दाने कळव.

तुझी नणंद


२६ फेब्रुवारी

वहिनी,

अजून काही नाही. तारवाला आपल्या गल्लीतून गेला तो थांबला नाही.

तुझं पत्र पेटीत पडल्यापासून मला मिळेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत तू रोज तिथे झोपलीस. मला राहून राहून तेच दिसतं. ऊब थोडी थोडी वाढते आहे, असं तू किती आनंदाने लिहिलं आहेस.

मी कधी कुणापुढे हात जोडले नाहीत. आज टपालवाल्यापुढे जोडले. तो म्हणाला, बाई, माझ्याकडे असतं तर दिलं नसतं का.

तुम्ही सगळे मला हवे आहात. ह्यापेक्षा जास्त लिहवत नाही.

तुझी नणंद


३ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

सगळे सुखरूप आहोत, ही तार तुम्हाला मिळाली असेल. तारेत जास्त लिहिता आलं नाही. आता सांगते.

तुमची तार पंचवीस तारखेला संध्याकाळी आली. घर सोडा, ढीग उघडू नका, बंब बोलवा. सूनबाईने ती दोनदा वाचली. चिमणीला कडेवर घेऊन ती समोरच्या सुतारांकडे गेली आणि त्यांच्या मुलीला बंब आणायला पिटाळलं. मला म्हणाली, आई, चला. मी म्हणाले, तू हो पुढे, मी आलेच.

मी गेले नाही, वन्सं. तुमच्यापासून लपवत नाही. मला तुमचा राग आला. वाटलं, तुम्ही नर्स, तुम्हाला सगळ्याचं कारण सापडतं. माझ्याकडे उरलेलं हे एवढंसंही तुम्हाला काढून घ्यायचं आहे. मी खोलीत गेले, दार लोटलं आणि बाजेवर बसले. चिमणी सुरक्षित आहे, आता माझं काय व्हायचं ते होऊ दे, असंही मनात आलं. ते आता लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. तो पानं चुरल्यासारखा आवाज मोठा झाला होता. मी फार घाबरले होते, आणि जेव्हा मी घाबरायचे तेव्हा ह्यांच्या खांद्याला गाल लावून बसायचे. तसाच मी भिंतीला गाल लावला.

चटका बसला. कातडी ओढली गेली.

चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. तेव्हा मला कळलं की हे ते नाहीत. दुसरंच काहीतरी इतके दिवस माझ्या उशाशी होतं, आणि मी चिमणीला त्याच्याजवळ झोपवत होते. मी कशी उठले आठवत नाही. दार उघडेना असं वाटलं. खरं तर मी ते उलट बाजूला ढकलत होते.

बाहेर आले तर तुमचा भाचा बसमधून उतरून धावत येत होता. पत्र्याच्या फटीतून पिवळट धूर निघत होता. त्याने पिशवी टाकली, फावडं उचललं आणि कुलूप काढायला गेला. पिंप बाहेर काढतो, ढीग उपसतो, असं ओरडत होता. मी त्याच्या शर्टाला मागून धरलं आणि सोडलं नाही. शर्ट फाटला. मी त्याला म्हणाले, “आत्याने सांगितलंय, बोटही लावायचं नाही.” तो वळला. मग त्याने फावडं खाली टाकलं.

बंबवाल्यांनी आधी बाहेरून पाण्याचा फवारा धरला आणि मग एक पत्रा काढला. पत्रा निघाला मात्र, आणि आतून जाळ असा उभा राहिला की समोरच्या घरांच्या खिडक्या लाल दिसल्या. पिंप फुटलं तो आवाज तुमच्यापर्यंत कसा आला नाही, याचं नवल वाटतं. शेड गेली, टाकी वाकडी झाली. माझ्या खोलीचा गिलावा पडला आणि माझी बाज उशाकडून काळी पडली आहे. त्यांच्यातला एक जण म्हणाला, आणखी एक दिवस गेला असता तर आम्हाला हाका मारायला कुणी राहिलं नसतं. तो अगदी सहज म्हणाला. सूनबाईने चिमणीचे कान झाकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ढीग अंगणात पसरला. वरच्या थरातल्या साली अजून पिवळ्याच होत्या, आत नुसता कोळसा. ह्यांनी उद्या पसरतो म्हटलेला चोथा अखेर परक्या माणसांनी पसरला. मी दारात उभी राहून बघितलं. मला वाटलं होतं मला ते बघवणार नाही. पण बघवलं.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना तपासलं. काळजीचं काही नाही. माझा गाल भरतो आहे, डाग राहील म्हणतात. तुमच्या भाच्याने अंगणाच्या पार टोकाला नव्या साली वाळत घातल्या आहेत, आणि गुडघ्यापेक्षा उंच ढीग करायचा नाही असं सूनबाईने त्याला बजावलं आहे. संध्याकाळी हात घालून बघायचं काम मी मागून घेतलं. चिमणी सोबत येते आणि विचारते, आजी, ताप आहे का. मी म्हणते, नाही ग, आज नाही. तुम्ही स्वतःला दोष देणं बंद करा. पत्र लिहा असं मीच सांगितलं होतं, आणि जीव वाचला तोही तुमच्याच तारेने. आपण दोघींनी मिळून त्यांचा ढीग जपला. दोघींनाही तो नीट माहीत नव्हता, एवढंच.

खोलीत मी पुन्हा झोपायला लागले आहे. आता एकटीच. सगळे नको म्हणत होते. रोज दिवा मालवण्याआधी मी त्या भिंतीला हात लावून बघते. ती गार लागली की जीव भांड्यात पडतो. मग लगेच हात काढून घ्यावासा वाटत नाही, म्हणून थोडा वेळ तसाच ठेवते.

पाय सांभाळा. प्लास्टर निघालं की या. बाज नवी घेतली आहे, ती तुमच्यासाठी खोलीच्या दुसऱ्या बाजूला टाकते.

तुमची
वहिनी